बिंजारीत सैनिकांनी जबरदस्तीने लस टोचली? नाही!

"ऑस्ट्रेलियात सैनिकांनी आदिवासींना धरून धरून लस टोचली" हा फॉरवर्ड अजून अधूनमधून फिरतो. मूळ प्रकरण नोव्हेंबर 2021 चं. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात, कॅथरीन गावाजवळच्या बिंजारी आणि रॉकहोल या आदिवासी वस्त्यांत कोरोना शिरला, कडक लॉकडाऊन लागला. लष्कराच्या गाड्या आल्या, हे खरं. पण सैनिकांनी लस दिलीच नाही. ते बाधितांना आणि संपर्कातल्यांना डार्विनजवळच्या हॉवर्ड स्प्रिंग्ज विलगीकरण केंद्रात पोचवायला मदत करत होते. तिथे कशाला? एकेका घरात इतकी माणसं, की वेगळं झोपायला खोली कुठली! (या टंचाईवर मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.) शेवटी बिंजारीतल्या वडीलधाऱ्यांनीच निवेदन काढून या अफवा खोडून काढल्या.