केली बार्न्स: वीज संपली, तळे उरले

अमेरिकेत खासगी धरणांच्या सुरक्षेचा विषय निघाला की जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ फॉल्सचे नाव येतेच. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी पहाटे दीडच्या सुमारास तिथले केली बार्न्स हे मातीचे धरण फुटले. ३९ माणसे गेली, त्यांत २० मुले होती. धरण ३८ फूट उंच आणि साधारण ४०० फूट लांब. त्याची मालकी एका बायबल कॉलेजकडे होती आणि ते कॉलेज धरणाच्या खालच्या अंगालाच वसलेले. म्हणजे धरणाचे मालक आणि त्याखाली झोपलेली माणसे एकाच संस्थेची. मालकाला खालच्यांची पर्वा नव्हती, हे एरवीचे स्पष्टीकरण इथे चालत नाही.

मुळात १८९९च्या सुमारास तिथे विजेसाठी एक छोटा बंधारा झाला. लाकडी सांगाड्यात दगड भरून केलेला. पुढे जागा कॉलेजकडे आली आणि १९३७ मध्ये वीज कमी पडू लागली म्हणून त्याच बंधाऱ्यावर मातीचा भराव चढवला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो आणखी वाढवला. जुने काढून पायापासून नवे बांधावे, हे झालेच नाही. धरणाची रचना ठरवणारी गणिते (संकल्पन) किंवा नकाशेही चौकशीत कोणाच्या हाती लागले नाहीत. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद पडली आणि मागे उरले सुमारे ४० एकरांचे तळे, विरंगुळ्यापुरते.

माझ्या मते धरणाची खरी घसरण इथून सुरू झाली. टर्बाइन फिरत असते तोवर कोणीतरी पाइप बघायला, झडप फिरवायला धरणावर जातो आणि जाता-येता भरावही त्याच्या नजरेखालून जातो. विजेचे बिल वाचेनासे झाले की धरणावर खर्च करायला कारणच उरत नाही. खालचा उतार जवळजवळ १:१ (जितका आडवा तितकाच उंच), म्हणजे उभाच. मातीच्या धरणाचा खालचा उतार सहसा २:१ (दोन फूट आडवे, एक फूट उंच) किंवा त्याहून सपाट ठेवतात. त्या उतारावर पाइनची झाडे वाढली होती. झाडीने धरण हिरवे आणि भक्कम दिसते, पण मुळे कुजली की त्यांच्या पोकळ्यांतून पाण्याला वाट मिळते, शिवाय गळती कुठे होते आहे तेही झाडोऱ्यात दिसत नाही. १९७३च्या छायाचित्रात तर खालच्या उताराचा एक भाग घसरलेला स्पष्ट दिसतो.

नोव्हेंबर १९७७च्या पहिल्या आठवड्यात चार दिवसांत सुमारे ७ इंच पाऊस झाला. त्यातला निम्मा ५ तारखेच्या संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या वेळात. धरण फुटले तेव्हा लोंढ्याचा विसर्ग २४ हजार क्युसेकपर्यंत गेला असावा असा अंदाज आहे. खडकवासल्यातून इतके पाणी सोडले तर पुण्यात नदीपात्रातला रस्ता बंद होतो. इथे ते १८६ फूट उंच धबधब्यावरून थेट कॉलेजच्या आवारात उतरले. विवाहित विद्यार्थी राहत ती ट्रेलरघरे ओढ्याकाठी होती. जास्तीत जास्त बळी तिथलेच.

चौकशी मंडळाने एकच एक कारण सांगितले नाही. उभ्या उताराचा तुकडा घसरला, आतून पाण्याने माती वाहून नेली, माथा खचला आणि मग धूप वाढत गेली, असा एकत्रित निष्कर्ष.

आता कायद्याचे. त्याआधी १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातले साउथ फोर्क धरण फुटून जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसे मेली होती. तेही कालव्यासाठी बांधलेले सरकारी धरण हातोहात विकले जात श्रीमंतांच्या मासेमारी क्लबकडे आलेले. पाणी सोडण्याचे लोखंडी पाइप मधल्या काळात काढून भंगारात गेले, आणि मासे निसटू नयेत म्हणून क्लबने सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर, जाळ्या बसवल्या. इतके होऊनही खासगी धरण हा ज्याचा-त्याचा प्रश्न राहिला. १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकला कोळसा कंपनीचा बांध फुटून १२५ बळी गेले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, धरण तपासणीचा कायदा केला. पण तपासणीला पैसाच दिला नाही. खासगी धरणे राज्यांनी बघावीत, ही सबब. १९७६ मध्ये केंद्र सरकारचे स्वतःचे टीटन धरण फुटले, म्हणून एप्रिल १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सरकारी धरणांचा आढावा घ्यायला सांगितले. खासगी पुन्हा बाहेरच.

कार्टर स्वतः जॉर्जियाचे. टोकोआनंतर लगेच त्यांनी लष्कराच्या अभियंता दलाला खासगी धरणेही तपासायला लावली. चार वर्षांत फुटल्यास खाली माणसे मरतील अशा जागची जवळपास ९ हजार धरणे पाहून झाली आणि साधारण तिसरा हिस्सा असुरक्षित निघाला, बहुतेकांचा दोष एकच: सांडवा अपुरा. जॉर्जियाने १९७८ मध्ये कायदा केला. २५ फूट उंची किंवा १०० एकर-फूट (१०० एकरांवर एक फूट पाणी) साठा असेल तर धरण कायद्याच्या कक्षेत, आणि वर्गवारी धरणाच्या आकारावर नव्हे, ते फुटल्यास खाली माणसे मरतील का यावर. त्यामुळे धरणाखाली नवी घरे झाली की धरण पहिल्या वर्गात जाते आणि सुधारणेचा खर्च मालकाच्या गळ्यात पडतो. मालक चिडतात. घरे दुसऱ्याने बांधली, सांडवा मी का रुंद करू? तक्रार अगदीच गैरलागू नाही.

आपल्या २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यात मालक खासगी असला तरी सूट नाही. मात्र चाळणी मुख्यतः आकाराची आहे: १५ मीटरच्या वरची सर्व धरणे, आणि १० ते १५ मीटरमधली असतील तर ५०० मीटर लांबी किंवा १० लाख घनमीटर साठा यांसारखी एखादी अट. केली बार्न्सची उंची भरते सुमारे साडेअकरा मीटर, लांबी १२० मीटरच्या आसपास, आणि फुटताना साठा पावणेआठ लाख घनमीटर. उंची, लांबी, साठा या मापांवर ते आपल्याकडे कायद्याच्या बाहेर राहिले असते.