हार्पर्स फेरीचा उठाव

गुलामगिरीचे कडवे विरोधक जॉन ब्राउन (१८००–१८५९) यांनी १६ ते १८ ऑक्टोबर १८५९ दरम्यान अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात केलेला सशस्त्र उठाव. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागार काबीज करून शस्त्रे गुलामांच्या हाती द्यायची आणि ॲपलाचियन डोंगरांच्या आश्रयाने लढत राहायचे, असा बेत होता. गुलामगिरीतून सुटलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांनी ‘हा सापळा आहे’ असे बजावून त्यात उतरण्यास नकार दिला होता.

ब्राउन पेशाने कातडी कमावणारे. १८५६ मध्ये कॅन्ससमधील पोटावाटोमी येथे त्यांच्या टोळीने गुलामगिरीच्या पाच समर्थकांना रात्री घरातून ओढून ठार केले. हा डाग पुसता येत नाही, आणि पुसूही नये.

हार्पर्स फेरीत त्यांच्यासोबत २१ जण होते. पैकी पाच कृष्णवर्णीय. शस्त्रागार सहज हाती आले. पहिला बळी मात्र हेवर्ड शेफर्ड या रेल्वेच्या हमालाचा गेला. ते स्वतः कृष्णवर्णीय होते, पण गुलाम नव्हते. अडवलेली आगगाडी ब्राउन यांनी सोडून दिली, तिच्यामुळे बातमी तारेने सर्वत्र पोचली. गुलामांचा अपेक्षित उठाव झालाच नाही. अखेर बंबखान्यात कोंडल्या गेलेल्या ब्राउन यांना कर्नल रॉबर्ट ली यांच्या तुकडीने दार फोडून पकडले. दहा साथीदार मारले गेले. त्यांत ब्राउन यांचे दोन मुलगे होते.

उठावाने जे साधले नाही ते पुढच्या सहा आठवड्यांनी साधले. जखमी ब्राउन न्यायालयात खाटेवर पडून होते, पण वेडेपणाचा बचाव त्यांनी धुडकावला. तुरुंगातली त्यांची पत्रे गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील राज्यांत घरोघर वाचली गेली, तर दक्षिणेतील मळेवाल्यांची झोप उडाली. २ डिसेंबरला फाशी जाताना, या अपराधी भूमीची पापे रक्तावाचून धुतली जाणार नाहीत, अशी चिठ्ठी त्यांनी मागे ठेवली. सोळा महिन्यांत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेचे सैनिक त्यांच्या नावाचे गाणे गात कूच करू लागले.

गोऱ्या इतिहासकारांनी दीर्घकाळ त्यांना माथेफिरू ठरवले. कृष्णवर्णीय समाजाने क्वचितच. १९०६ साली कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या नायगारा चळवळीचे कार्यकर्ते बंबखान्यापर्यंत अनवाणी गेले. १९३१ मध्ये दक्षिणाभिमानी संघटनांनी शेफर्ड यांच्या नावे ‘इमानी’ गुलामांचे स्मारक उभारले. त्याला उत्तर म्हणून कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांनी लिहिलेला ब्राउन यांच्या गौरवाचा फलक तेव्हा नाकारला गेला. तो २००६ साली तेथे बसवण्यात आला.