जबडा बांधलेल्या पेशंटचा पातळ डबा : घरच्यांसाठी माहिती

ऑपरेशन झालं, पेशंट वॉर्डात आला आणि डॉक्टरांनी सांगितलं, ‘आता काही आठवडे फक्त पातळ.’ आम्ही सांगली-मिरजेत अशा पेशंटसाठी पातळ जेवणाचा डबा करून पोचवतो आणि आमच्याकडे येणारा पहिला फोन बहुतेक वेळा त्याच संध्याकाळचा असतो. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक पहिल्या डब्यासोबत देतो. पेशंटला जो भरवणार आहे त्याने ते वाचावं.

अपघातात मोडलेला जबडा वरच्या-खालच्या दातांना तारा बांधून जोडला असेल, तर तारा साधारण 4 ते 6 आठवडे राहतात. जबडा पुढे-मागे सरकवण्याच्या ऑपरेशनमध्ये आत प्लेट आणि स्क्रू असतात, बाहेरून रबर लावतात. तिथे पातळवरून मऊ खाण्यावर लवकर येता येतं. तुमच्या पेशंटचं नेमकं काय झालंय ते डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्या आणि आम्हाला कळवा. डबा त्यावर ठरतो.

पोट भरतं, पण अंगी काय लागतं?

आमचा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. प्रेमाने भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो, मोसंबी आणतो. घरात वरणाच्या वरचं निवळ पाणी पाजलं जातं. पेशंटचं पोट टम्म होतं आणि आठवड्याभरात कपडे ढगळे होतात. हाड आणि जखम भरून यायला प्रथिनं लागतात आणि या पाण्यात ती नावापुरतीच असतात. 60 किलो वजनाच्या माणसाला या काळात दिवसाला साधारण 70 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. लिटरभर दुधातून 32 ग्रॅमच्या आसपास मिळतात. 100 ग्रॅम मूगडाळीत सुमारे 24 ग्रॅम असतात, पण डाळ शिजवून, वाटून पोटात गेली तरच.

म्हणून आम्ही पाणी वाढवत नाही, तेवढ्याच बाटलीत जास्त माल बसवतो. मूगडाळ मऊ शिजवून, मिक्सरमधून दोनदा फिरवून, गाळून कढण करतो आणि वरून साजूक तूप घालतो. हुलग्याचं माडगं ताकात सैल करून देतो. आपल्या भागात ते आजारी माणसाला पूर्वीपासून देतात आणि हुलग्यात प्रथिनं डाळीच्या तोडीची असतात. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवतो, त्यात मिल्क पावडर मिसळतो. सोललेले भाजके शेंगदाणे भिजवून, गंधासारखे वाटून खिरीत जातात. भिजवलेले बेदाणेही वाटतो, पण साल भरवायच्या सिरिंजमध्ये अडकते म्हणून कापडातून गाळावे लागतात. मांसाहारी घरांसाठी चिकन शिजवून रश्श्यातच वाटून देतो. तिखट मात्र नाही.

पायाच्या सुपाबद्दल हमखास विचारणा होते. चवीला जरूर द्या. पण हाड उकळलं म्हणजे हाडातलं कॅल्शियम सुपात उतरलं असं होत नाही, फार थोडं उतरतं. त्यापेक्षा दूध आणि नाचणी द्या. कच्चं अंडं दुधात फेटून कुणी देऊ नये, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

गोड पदार्थ दोन-तीन दिवसांत नकोसे होतात, म्हणून आमच्या निम्म्याहून जास्त बाटल्या खारट असतात. टोमॅटोचं सार, ताकाची कढी, भोपळ्याचं सूप यांत जिरेपूड, हिंग, चिमूटभर सांगलीची हळद असते. मोहरी, कढीपत्ता, मिरचीचं बी काहीही राहू देत नाही, कारण एक कण तारेत बसला की पेशंट रात्रभर जिभेने तोच काढत बसतो. मधुमेह, किडनीचा आजार किंवा रक्तदाब असेल तर पहिल्याच फोनवर सांगा.

भरवताना

एका वेळी 200 ते 250 मिली, दर दोन-अडीच तासांनी, दिवसाला 7-8 वेळा. मधल्या वेळेत साधं पाणी. एका बाटलीला अर्धा तास लागला तरी लागू द्या. पेशंटला ताठ बसवा आणि नंतरही अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

50 मिलीची सिरिंज आणि तिच्या टोकाला मऊ रबरी नळी ही बहुतेकांना सोयीची पडते. नळी गाल आणि दात यांच्यामधून मागे न्यायची. शेवटच्या दाढेमागे फट असते, तिथून पातळ आत जातं. हळूहळू दाबा, घोट गिळला की पुढचा. शक्य तितक्या लवकर सिरिंज पेशंटच्याच हातात द्या, आरशासमोर बसून दोन दिवसांत जमतं. स्वतःच्या हाताने जेवणं ही मोठी गोष्ट आहे. स्ट्रॉ मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, कारण ओढल्याने टाक्यांवर ताण येतो.

खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असेल तर गरम लागलेलं कळत नाही आणि ओठ पोळतो. प्रत्येक बाटली आधी तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. कोमट हवी. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढतेच, त्या काळात कमी गेलं तरी घाबरू नका. पण दिवसभर पाणीसुद्धा जात नसेल किंवा लघवी कमी झाली असेल तर हॉस्पिटलला फोन करा.

प्रत्येक वेळी खाणं झालं की कोमट मिठाच्या पाण्याने चूळ, आणि डॉक्टर सांगतील तेव्हापासून लहान मुलांच्या मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू. दूध तारांत राहिलं की वास येतो, हिरड्या सुजतात. गोळ्या परस्पर कुटून देऊ नका, काही गोळ्या कुटायच्या नसतात. डॉक्टरांकडून सिरपच्या रूपात औषध मागून घ्या.

उलटी झाली तर

तारा बांधलेल्या असतील तर घरी निघण्याआधी तार कापायचं कटर मागून घ्या, कोणत्या तारा कापायच्या ते डॉक्टरांकडून दाखवून घ्या, आणि ते कटर पेशंटच्या उशाशीच ठेवा. कपाटात नाही. मळमळलं की पेशंटला पुढे वाकवा. पोटात सगळं पातळच असल्यामुळे ते बहुधा दातांच्या फटीतून बाहेर येतं. श्वास अडकतोय असं दिसलं तरच तारा कापा, 108 ला फोन करा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. ताप, वाढत जाणारी सूज, पू, तार सैल होणं यांसाठी आम्हाला विचारू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

डब्याबद्दल

सांगली, विश्रामबाग, कुपवाड आणि मिरजेत सकाळी आणि संध्याकाळी बाटल्या पोचवतो. कर्नाटकातून मिरजेला उपचारासाठी येऊन लॉजवर उतरलेल्यांना चूल नसते. त्यांना थर्मासमध्ये गरम करूनच देतो. घरी फ्रिज असेल तर बाटली आल्याबरोबर आत ठेवा आणि 24 तासांत संपवा. गरम करायची तर बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी ठेवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं आणि सिरिंजमध्ये उरलेलं टाकून द्या, जीव हळहळला तरी.

दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून आम्हाला कळवा. उतरत असेल तर तूप आणि शेंगदाणे वाढवतो. तारा निघाल्या की लगेच भाकरी-भडंगावर जाता येत नाही. मऊ भात, कुस्करलेली खिचडी, मग हळूहळू पुढे. त्या आठवड्यांसाठी मऊ डबा वेगळा आहे. दुसऱ्या दिवशीचा बदल किंवा खाडा आदल्या रात्री आठच्या आत कळवा. खाड्याचे पैसे घेत नाही. रिकाम्या बाटल्या साध्या पाण्याने विसळून परत द्या, उकळून निर्जंतुक करण्याचं काम आमच्याकडे.