स्फोटाचा हेतू सगळ्यात शेवटी का हाती लागतो

२५ डिसेंबर २०२०ची पहाट. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात सेकंड ॲव्हेन्यूवर उभ्या असलेल्या एका मोटरहोममधून (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीतून) बाईच्या आवाजातली ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येऊ लागली: बॉम्ब आहे, परिसर सोडा. पुढे उलटी मोजणी सुरू झाली. सहा पोलिसांनी दारं ठोठावून रहिवाशांना बाहेर काढलं आणि साडेसहाच्या सुमारास गाडी उडाली. चाळीसहून अधिक इमारतींचं नुकसान झालं. मेला एकच, ज्याने स्फोट घडवला तो.

आधी सावध करायचं आणि मग स्फोट करायचा, हे कुणालाच उलगडेना. गाडी एटी अँड टी कंपनीच्या दूरसंचार इमारतीसमोर होती आणि टेनेसी, केंटकी, अलाबामा या राज्यांतली फोनसेवा कोलमडली होती. तेवढ्यावरून तर्क धावू लागले. हा ५जीविरोधी माणूस असणार, असं एकाने म्हटलं. निवडणुकीच्या मतदान यंत्रांचा पुरावा त्या इमारतीत होता, असं दुसऱ्याने. एका व्हिडिओच्या आधारे तर थेट क्षेपणास्त्र आल्याचं सांगितलं गेलं. या सगळ्यांची रीत एकच: जे जवळ होतं तेच लक्ष्य, आणि जे लक्ष्य तोच हेतू.

तपास उलट्या दिशेने चालला होता. ढिगाऱ्यात गाडीचा एक्सल मिळाला, त्यावरच्या ओळख क्रमांकावरून (आपल्याकडे ज्याला चेसिस नंबर म्हणतात तो) मालक सापडला. घटनास्थळच्या मानवी अवशेषांचा डीएनए त्याच्या हातमोज्यांशी आणि टोपीशी जुळला. २७ डिसेंबरला, म्हणजे दोन दिवसांत, 'कोण' ठरलं. 'का' हे सांगायला एफबीआयला १५ मार्च २०२१ उजाडला. निष्कर्ष असा की त्याला स्वतःचं आयुष्य संपवायचं होतं. संशयाने पोखरलेलं मन, विक्षिप्त कटकथांवरचा जुना विश्वास आणि तुटत गेलेली नाती यांचा तो परिणाम होता. राजकीय उद्देश किंवा कुठल्या विचारसरणीसाठी केलेला दहशतवाद असल्याचं काही मिळालं नाही.

घाईची ही खोड इंटरनेटहून जुनी आहे. १६ सप्टेंबर १९२० रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर घोडागाडीत स्फोट होऊन तीसहून अधिक माणसं गेली. अपघात की घातपात हे ठरण्याआधीच रातोरात रस्ता साफ करण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी शेअरबाजार उघडला. जो पुरावा निर्णायक ठरला असता तो कचऱ्यात गेला. घोड्याच्या नालांवरून पोलिसांनी लोहार आणि तबेले पालथे घातले, पण गुन्हा आजतागायत सिद्ध झालेला नाही. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या स्फोटात तर संशयाची बॅग ज्या सुरक्षारक्षकाने दाखवून दिली, त्यालाच 'प्रसिद्धीचा भुकेला' ठरवलं गेलं. तो निर्दोष होता. खऱ्या गुन्हेगाराने २००५मध्ये कबुली दिली, आणि त्याचा राग निघाला गर्भपाताला मान्यता देणाऱ्या सरकारवर. २०१३च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर एका बेपत्ता विद्यार्थ्यावर नेटकऱ्यांनी बोट ठेवलं. त्याचाही काडीचा संबंध नव्हता.

नागपूरकरांना हा विषय परका नाही. देशातल्या स्फोटकांच्या परवान्यांचा कारभार सेमिनरी हिल्सवरच्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संघटनेच्या मुख्यालयातून चालतो, आणि १८९८मध्ये सुरू झालेलं हे खातं आहे. बाजारगाव परिसरात स्फोटकांचे कारखाने आहेत. १७ डिसेंबर २०२३ला तिथल्या एका कारखान्यात ९ कामगारांचा बळी गेला. म्हणूनच स्फोटाच्या जागी नेमकं काय चालतं, हे इथल्या वाचकाला ठाऊक असायला हवं.

आधी बॉम्बशोधक पथक दुसरा बॉम्ब नाही याची खात्री करतं. मग सगळ्यात लांब उडालेला तुकडा शोधून त्या अंतराच्या दीडपट घेरा आखतात: तुकडा १०० मीटरवर असेल तर दोरी १५० मीटरवर. बघे, नेते आणि कॅमेरे आत शिरले की पहिलं नुकसान इथेच होतं, कारण बुटाला चिकटून तुकडे बाहेर जातात. पुढे खड्ड्यातली माती, आजूबाजूच्या पृष्ठभागांवरून पुसून घेतलेले नमुने, वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांतून गाळलेला ढिगारा. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, आणि डबा हवाबंद, नाहीतर स्फोटकाचं बाष्प उडून जातं. अनेक स्फोटकांत असणारं नायट्रेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे अग्निशमनाचा फवारा किंवा नागपुरी जुलैची एक सर पुरावा धुऊन नेऊ शकते. खड्ड्यावर ताडपत्री लवकर पडावी लागते. आणखी एक नमुना हमखास विसरला जातो: स्फोटापासून दूरच्या स्वच्छ मातीचा. शेतात खत पडलेलं असतं, खाणीत सुरुंग उडतात, म्हणजे मातीत नायट्रेट आधीपासूनच असू शकतं. तुलनेला साधी माती नसेल तर 'नायट्रेट सापडलं' या बातमीला काही अर्थ उरत नाही.

हे पायाचं काम कच्चं राहिलं तर हेतूची कितीही पक्की कहाणी न्यायालयात टिकत नाही. ११ जुलै २००६च्या मुंबई लोकल स्फोटांत १८०हून अधिक प्रवासी मेले. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेदेखील सरकार पक्षाला नोंदीवर आणता आलं नाही, असं निकालात आहे. सर्वोच्च न्यायालयाने पुढे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही. त्यांपैकी दोघे नागपूर मध्यवर्ती कारागृहातून सुटले होते. मुंबईतल्या मृतांच्या घरच्यांना मात्र 'कोण' आणि 'का' या दोन्हींची उत्तरं इतक्या वर्षांनंतरही मिळालेली नाहीत.