अंतराळ मोहिमांतील जुने कॅमेरे

अंतराळ संस्था यानात किंवा अंतराळ स्थानकावर पाठवण्यासाठी सहसा बाजारातला सर्वांत नवा कॅमेरा घेत नाहीत. काही वर्षे वापरात राहिलेला, गुणदोष पुरते ठाऊक झालेला कॅमेरा निवडतात. या प्रथेची ही नोंद. मंगळावर ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या मास्टकॅम या मुख्य कॅमेऱ्यांचे सेन्सर अवघ्या २ मेगापिक्सेलचे होते. त्या वर्षी ठाण्याच्या गोखले रोडवर मोबाइलच्या दुकानात मिळणारा कोणताही बरा फोन याहून अधिक पिक्सेलचा होता. तरीही मास्टकॅमची निवड कंजुषीची नव्हती आणि मागासपणाचीही नव्हती. कॅमेऱ्याच्या वयातली बरीचशी वर्षे तो पारखण्यात गेलेली असतात, आणि संस्थेला हवी असते ती पारख.

किरणोत्सर्ग

पारखलेला कॅमेरा निवडण्याचे सर्वांत मोठे कारण किरणोत्सर्ग हेच. सूर्याकडून आणि दूरच्या अवकाशातून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बऱ्याच अंशी वळवून लावते. पण ते सगळीकडे सारखे बळकट नाही. ब्राझील आणि दक्षिण अटलांटिक महासागरावर ते विशेष क्षीण आहे आणि तेथे व्हॅन ॲलन पट्ट्यातील, म्हणजे पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्राने अडकवून ठेवलेल्या कणांच्या पट्ट्यातील प्रोटॉन सुमारे २०० किलोमीटर उंचीपर्यंत खाली येतात. सुमारे ४०० किलोमीटरवरून फिरणारे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक दिवसातून अनेकदा या भागातून जाते. चुंबकीय क्षेत्र मोजण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे हे काम विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवले गेले. त्याच परंपरेतील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे. कॅमेऱ्याच्या नोंदीत भूचुंबकत्व कुठून आले, असे वाचकाला वाटेल. पण स्थानकावरच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला किती प्रोटॉन येणार, हे या क्षेत्रावरच ठरते.

प्रोटॉन सेन्सरच्या सिलिकॉनमध्ये घुसला, की स्फटिकातला एखादा अणू जागचा हलतो. त्या ठिकाणी उजेड नसतानाही विद्युतप्रवाह झिरपू लागतो आणि प्रत्येक फोटोत तिथे एक उजळ ठिपका उमटतो. याला हॉट पिक्सेल म्हणतात. घरच्या कॅमेऱ्यातही तो पाहता येतो. लेन्सवर कॅप लावून, अंधाऱ्या खोलीत, नॉईज रिडक्शन बंद ठेवून ३० सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे आणि फोटो संगणकावर पूर्ण आकारात उघडावा. काळ्या पटावर एखादा लाल, एखादा निळा, एखादा हिरवा कण दिसतो. लगेच दुसरा फोटो काढला तरी ते कण त्याच जागी असतात. जमिनीवर ते मोजके असतात; स्थानकावर मुक्काम लांबेल तसे वाढत जातात आणि अखेर कॅमेऱ्याची बॉडी (लेन्सशिवायचा मुख्य भाग) बदलावी लागते.

दुसरा धोका चिपला असतो. एकच वेगवान कण स्मृतीतला बिट पालटवू शकतो. तोच कण नको त्या ठिकाणी शॉर्ट सर्किटसारखी स्थिती निर्माण करून चिप जाळूही शकतो. ट्रान्झिस्टर जितका लहान, तितका बिट पालटायला लागणारा विद्युतभार कमी. त्यामुळे दाटीवाटीने बांधलेली नवी चिप पुष्कळदा अधिक हळवी निघते. हा नियम सरसकट लागू होत नाही, हेही नोंदवायला हवे. दीर्घकाळ साचत जाणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेला काही नव्या चिपा जुन्यांपेक्षा चांगला तग धरतात, कारण त्यांच्यातले ऑक्साइडचे थर पातळ असतात. म्हणूनच या क्षेत्रात अंदाजाला किंमत नाही, चाचणीला आहे.

साचणाऱ्या मात्रेची चाचणी बहुधा कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या गॅमा किरणांनी होते. हे समस्थानिक नवी मुंबईला अपरिचित नाही. वाशीत २००० सालापासून चालू असलेल्या किरणोत्सर्ग प्रक्रिया संयंत्रात मिरची, हळद यांसारखे मसाले कोबाल्ट-६० नेच निर्जंतुक केले जातात. मसाल्यांसाठी मान्य मात्रा ६ ते १४ किलोग्रे आहे (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक). बाजारातले साधे इलेक्ट्रॉनिक भाग मात्र याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासच बिघडू लागतात. हळद जिथून सुखरूप बाहेर येते, तिथून कॅमेरा चालू स्थितीत बाहेर येण्याची आशा धरता येत नाही.

गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाचा जुनोकॅम हा कॅमेरा तेथील तीव्र किरणोत्सर्गाने २०२३ च्या अखेरीस जवळपास निकामी झाला होता. अभियंत्यांनी तो पृथ्वीवरूनच आज्ञा पाठवून तापवला. उष्णतेने सिलिकॉनमधले दोष काही प्रमाणात भरून आले आणि डिसेंबरअखेर आयो या उपग्रहाची छायाचित्रे हाती आली. कॅमेऱ्याची जडणघडण आतून-बाहेरून ठाऊक असल्याशिवाय कोट्यवधी किलोमीटरवर असला उपचार करता येत नाही.

उष्णता, निर्वात आणि आग

गुरुत्वाचा परिणाम जाणवत नाही तिथे गरम हवा आपोआप वर जात नाही. कॅमेऱ्यात तयार झालेली उष्णता त्याच्याभोवतीच रेंगाळते. स्थानकात हवा फिरवायला पंखे लागतात. यानाबाहेर हवाच नसल्याने नेहमीची वंगणे उडून जातात आणि त्यांची वाफ लेन्सवर बसू शकते. केबिनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक वस्तूतून कोणते वायू सुटतात, ती पेट घेते का, हे तपासावे लागते. बॅटरीची तपासणी सर्वांत कडक, कारण लिथियमची बॅटरी एकदा आतून तापत गेली की आवरणे कठीण, आणि बंद यानात पळायला जागा नसते. एवढे सगळे एका मॉडेलसाठी पार पडले, की पुढचे मॉडेल आले म्हणून पहिले टाकून देणे शहाणपणाचे नसते.

लेन्स, ती बसवायची खाच म्हणजे माउंट, चार्जर, केबल आणि अंतराळवीरांचा सराव हेही त्या मॉडेलशी जोडलेले असतात. फ्लेमिंगोंच्या हंगामात ऐरोलीच्या खाडीवर किंवा नेरुळच्या डीपीएस तलावाकाठी उभे राहणारे छायाचित्रकार ही गोष्ट चटकन ओळखतील. तिथेही दहा वर्षांचे डीएसएलआर (आत आरसा असलेले डिजिटल कॅमेरे) मजेत चालतात, कारण पैसा लेन्समध्ये गुंतलेला असतो आणि थवा उडाला की बोट न बघता बटणावर जाते.

कालावधी आणि संदेशवहन

क्युरिऑसिटीच्या कॅमेऱ्यांचे प्रस्ताव २००४ मध्ये निवडले गेले. त्यानंतर बांधणी, चाचण्या, २०११ चे उड्डाण आणि साडेआठ महिन्यांचा प्रवास झाला. कॅमेरा मंगळावर पोचेपर्यंत तो जुना होणारच होता. त्यातच मंगळाभोवतीच्या यानांमार्फत रोव्हरकडून दिवसाला सुमारे २५० मेगाबिट एवढीच माहिती येईल, असा हिशेब होता, आणि ती सगळ्या उपकरणांत वाटायची होती. पिक्सेल वाढवून फोटो मंगळावरच अडकून राहिले असते. २०१५ मध्ये प्लूटोजवळून गेलेल्या न्यू होरायझन्स यानाची अडचण याहून मोठी होती. सेकंदाला एक-दोन किलोबिट या गतीने तिथली सगळी माहिती पृथ्वीवर यायला जवळपास सव्वा वर्ष लागले.

पूर्वेतिहास

अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये नेलेला ॲन्स्को कॅमेरा फ्लोरिडातल्या एका औषधांच्या दुकानातून घेतलेला होता. हातमोज्यांत धरता यावा म्हणून त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे सहकारी वॉल्टर शिर्रा यांनी ह्यूस्टनच्या दुकानातला हॅसलब्लाड ५००सी हा कॅमेरा नेला. ते मॉडेल १९५७ पासून बाजारात होते. चमक टाळण्यासाठी त्याचे बाह्य अंग काळे रंगवले गेले. पुढे अपोलो ११ च्या वेळी चंद्राच्या पृष्ठभागावर वापरलेल्या हॅसलब्लाडला उलट चंदेरी रंग दिला, तापमान आटोक्यात राहावे म्हणून, वंगणेही बदलली. परतताना वजन वाचवण्यासाठी बॉडी चंद्रावरच ठेवून फिल्मची मॅगझिन (फिल्म ठेवायच्या डब्या) तेवढी आणली गेली.

निकॉनचा संबंध १९७१ च्या अपोलो १५ पासूनचा. नासाने अंतराळ स्थानकासाठी निकॉनचे २०१३ मध्ये ३८ डी४ आणि २०१७ मध्ये ५३ डी५ कॅमेरे घेतले. डी५ तर दुकानात मिळतो तसाच, कोणताही फेरबदल न करता. डी५ चा सेन्सर २०.८ मेगापिक्सेलचा आहे. पूर्ण फ्रेमवर, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर, पिक्सेल कमी म्हणजे प्रत्येक पिक्सेल मोठा, आणि रात्रीच्या पृथ्वीवरचे शहरांचे दिवे किंवा ध्रुवीय प्रकाश टिपताना त्याचा फायदाच होतो.

भारतीय मोहिमा

इस्रोच्या मंगळयानाला ऑगस्ट २०१२ मध्ये सरकारी मंजुरी जाहीर झाली आणि ५ नोव्हेंबर २०१३ ला ते उडाले. एवढ्या कमी वेळात नवे काही सिद्ध करणे शक्य नव्हते. यानाचा सांगाडा चांद्रयान-१ च्या धर्तीवरचा होता. त्यावरचा मार्स कलर कॅमेरा २०४८ × २०४८ पिक्सेलचा, वजन सव्वा किलोच्या आसपास. यानाची कक्षा अतिशय लंबवर्तुळाकार असल्यामुळे दूरच्या टोकावरून या छोट्या कॅमेऱ्याने मंगळाचा संपूर्ण गोल एका चौकटीत टिपला. माझ्या मते आपल्या अवकाश छायाचित्रणातली ही सर्वांत देखणी कामगिरी आहे. कक्षेची योजना आणि कॅमेऱ्याची मर्यादा एकमेकींना किती पूरक ठरू शकतात, ते या फोटोंत दिसते.

नव्याचा शिरकाव

जिथे अपयश परवडते तिथे संस्था नवे वापरून पाहतात. मंगळावरचे इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर फोनसाठी बनलेल्या स्नॅपड्रॅगन ८०१ या प्रोसेसरवर चालले. पाच उड्डाणांची चाचणी ठरली असताना त्याने ७२ उड्डाणे केली. स्थानकावर निकॉन झेड९ हे आरशाविना चालणारे १३ कॅमेरे जानेवारी २०२४ मध्ये रवाना झाले, म्हणजे मॉडेल जाहीर झाल्यावर दोन वर्षांहून अधिक काळाने. त्यांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या आतल्या प्रणालीत, बदल करावा लागला. पृथ्वीवर सेकंदाहून लांब एक्स्पोजरलाच चालणारे नॉईज रिडक्शन तिथे वेगवान शटरलाही चालेल, अशी सोय केली गेली.

नासाच्या आर्टेमिस मोहिमेत चंद्रावर उतरणाऱ्यांसाठी याच झेड९ वर आधारलेला कॅमेरा तयार होत आहे. त्याच्यावर धूळ आणि तापमानापासून वाचवणारे जाड कापडी आवरण असून मुठीवर जाड हातमोज्यांतून दाबता येतील अशी मोठी बटणे आहेत. स्पेनच्या लान्झारोते बेटावरच्या ज्वालामुखी प्रदेशात ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची चाचणी झाली.