‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’: घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?

‘संशयिताला चौकशीसाठी ताब्यात घेतलं असून अद्याप अटक दाखवलेली नाही.’ पेपरातलं हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की त्यातलं ‘दाखवलेली’ कुणाला खटकतही नाही. ठाण्याबाहेर उभा असलेला भाऊ घरी फोनवर सांगतो, “अटक नाही गं, नुसतं बसवून ठेवलंय.” सगळी मेख त्या ‘नुसतं’मध्ये आहे.

अटक झाली की राज्यघटनेचा अनुच्छेद २२ लागू होतो. कारण सांगायचं, पसंतीच्या वकिलाला भेटू द्यायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं. सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालापासून अटकेची तारीख-वेळ लिहून त्याखाली साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही घ्यावी लागते. वरळीच्या अपघात प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की कारणं लेखी द्या, तीही त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत. लगेच जमलं नाही, तर रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागण्यासाठी दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या, निदान दोन तास आधी.

‘ताब्यात घेणं’ कायद्यात अगदीच नाही असं नाही. पोलिसांचे आदेश न मानणाऱ्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७२ खाली अडवून ठेवता येतं आणि किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडून देतात. पण चौकशीची वाट वेगळी आहे. संशयिताला कलम ३५(३) ची नोटीस, साक्षीदाराला १७९ ची. साक्षीदार बाई असेल किंवा साठीच्या पुढचा माणूस असेल, तर ठाण्यात येण्याची सक्तीच नाही, जबाबाला पोलिसांनी घरी जायचं. (‘स्थानबद्ध’, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून आधीच डांबणं, हे तिसरंच प्रकरण, त्याचे नियम निराळे.)

नोटिशीवर आलेला माणूस चौकशी संपली की उठून घरी जाऊ शकतो. बसवून ठेवलेल्याला मात्र चहा मिळतो, पंख्याखालची जागाही मिळते, फक्त दार ओलांडता येत नाही. मग ही अटक नाही तर काय? मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच कस्टम्सच्या एका प्रकरणात सांगून टाकलंय की माणसाचं स्वातंत्र्य रोखलं त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकाऱ्याने कागदावर लिहिलेल्या वेळेला नाही.

आता हिशोब करा. मंगळवारी रात्री ९ ला घरून उचललं, अटक दाखवली बुधवारी दुपारी ४ ला, कोर्टात नेलं गुरुवारी २ ला. कागदावर २२ तास, सगळं नियमात. खरे तास ४१.

म्हणून रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांना आधी ‘किती वाजता उचललं’ ते सांगायचं, ‘मी काही केलं नाही’ नंतर. घरच्यांनी त्याच रात्री सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज मागून ठेवावं, कारण ते आपोआप पुसलं जातं. ठाण्यातही कॅमेरे हवेत, असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, तेव्हा तिथलं रेकॉर्डिंग जपून ठेवण्याचा अर्ज वकिलाने पहिल्याच तारखेला द्यावा.