लीक काढणं वेगळं, हातासरशी कोड साफ करणं वेगळं

‘मेमरी लीक काढली आणि हातासरशी कोडही साफ केला.’ या धाटणीच्या मथळ्याचे पॅच (कोडमधल्या बदलांचे प्रस्ताव) वाचून वाचून कंटाळा आला आहे. क्यूएमू (अख्ख्या संगणकाची आणि त्याच्या उपकरणांची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणारा प्रोग्राम) असो की केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय), व्हर्च्युअलायझेशनच्या प्रकल्पात नव्याने येणारे पुष्कळ जण याच दारातून आत येतात. कुठेतरी राहून गेलेला एक फ्री (घेतलेली मेमरी परत करणारा कॉल; तो राहिला की होते ती लीक) सापडतो, तो घालताना आजूबाजूचा कोड डोळ्यांत खुपतो आणि दोन्ही कामं एकाच कमिटमध्ये जातात. हेतू चांगलाच असतो, पण घोळ तिथेच सुरू होतो. दुरुस्तीने प्रोग्रामचं वागणं बदलतं. बदलावं म्हणूनच ती करतात. साफसफाईने ते तसूभरही बदलता कामा नये. एका पॅचमध्ये दोन्ही आलं की तपासणाऱ्याला प्रत्येक ओळीला विचारावं लागतं, तू कशासाठी बदललीस?

सी भाषा येणाऱ्याला मॅलॉक-फ्रीचे (मेमरी घेण्या-सोडण्याचे) नियम माहीत असतात, ते इथे पुन्हा सांगत नाही. क्यूएमूमध्ये त्याऐवजी जीलिब या लायब्ररीची फंक्शन्स वापरायची असतात: जी_मॅलॉक, जी_न्यू, जी_फ्री. जी_फ्रीला नल (कुठेच न दाखवणारा पॉइंटर) दिलेलं चालतं, त्यामुळे त्याआधीची नलची तपासणी काढणं ही निखळ साफसफाई. जी_मॅलॉकनंतरची नलची तपासणी काढणं हीसुद्धा तशीच, कारण मेमरी मिळाली नाही तर जी_मॅलॉक प्रोग्रामच थांबवतं; शून्य बाइट मागितले नसतील तर नल परत येतच नाही. यात कुणाचं अडत नाही. पाठवा, घेतले जातील.

लीककडे मात्र नीट पाहायला हवं, कारण सगळ्या लीक सारख्या नसतात. कमांड लाइन वाचताना एकदाच घेतलेली आणि प्रोसेस संपेपर्यंत न सोडलेली स्ट्रिंग लीकसॅनिटायझर (लीक शोधणारं साधन) दाखवू शकतो. ती काढली तर अहवाल स्वच्छ होतो आणि खऱ्या लीक उठून दिसतात, म्हणून ते कामही करावं. पण तिने कुणाचं नुकसान होत नव्हतं. तिला ‘दुरुस्ती’ म्हणून स्टेबल शाखेकडे (आधीच प्रसिद्ध झालेल्या, फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्तीकडे) धाडण्याचा आग्रह मला अजिबात पटत नाही. गेस्टला (आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला; ते ज्या खऱ्या मशीनवर चालतं तो होस्ट) पुन्हा पुन्हा घडवता येते ती लीक वेगळी. इथे गेस्टवर विश्वास ठेवायचा नाही, हाच तर सगळ्या मांडणीचा पाया आहे. सीव्हीई-२०१६-९१०१ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीला मिळणारा जाहीर क्रमांक) ही ईईप्रो१०० नेटवर्क कार्डाच्या नकलेतली लीक होती. कार्ड काढलं की थोडी मेमरी मागे राहायची. गेस्टमध्ये अ‍ॅडमिनचे हक्क असणाऱ्याने ते पुन्हा पुन्हा काढलं-लावलं की होस्टची मेमरी खाल्ली जायची आणि शेवटी क्यूएमूची प्रोसेस पडायची. सीव्हीई-२०१७-५५२५ म्हणजे एसी९७ या साउंड कार्डाची तशीच गोष्ट. एका सुटलेल्या फ्रीला सुरक्षेतली त्रुटी म्हणून क्रमांक मिळतो तो यामुळे. असा पॅच नावगाव सांगत, एकटा आणि छोटा असायला हवा. ज्या वितरकांना तो जुन्या आवृत्तीत उचलून लावायचा आहे, त्यांच्यापुढे इंडेंट बदललेल्या दोनशे ओळी टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

इथपर्यंतचं समजायला सोपं आहे. लोक अडकतात ते पुढे: दिसायला साफसफाई, पण प्रत्यक्षात मेमरीचं आयुष्य बदलणारा पॅच.

जी_ऑटोफ्री घ्या. व्हेरिएबलच्या घोषणेपुढे हा शब्द लावला की ते व्हेरिएबल ज्या ब्लॉकच्या कंसांत आहे त्याबाहेर जाताच जी_फ्री आपोआप होतो. एका फंक्शनमधून बाहेर पडायचे पाच रस्ते असतील आणि तात्पुरती स्ट्रिंग प्रत्येक रस्त्यावर हाताने सोडावी लागत असेल, तर हा उत्तम उपाय आहे. मला तो आवडतो आणि क्यूएमूची शैलीपुस्तिकाही तो सुचवते. पण त्यामागे एक गृहीतक आहे: मेमरीचं आयुष्य आणि कंसांची हद्द एकच आहे. सामान्य युटिलिटीत ते बहुतेक वेळा खरं असतं. डिव्हाइसच्या नकलेत ते अनेकदा खोटं असतं.

समजा, डिस्क कंट्रोलरचा कोड गेस्टची रीड रिक्वेस्ट घेतो. तो रिक्वेस्टचं स्ट्रक्चर बनवतो, ब्लॉक लेअरला (डिस्कचं वाचन-लेखन सांभाळणाऱ्या थराला) असिंक्रोनस, म्हणजे पूर्ण होण्याची वाट न पाहणारं, रीड सुरू करायला सांगतो, सोबत कॉलबॅक (काम झाल्यावर बोलवायचं फंक्शन) आणि त्या स्ट्रक्चरचा पॉइंटर देतो, आणि फंक्शन संपतं. वाचन पूर्ण झाल्यावर कॉलबॅक चालतो, गेस्टला इंटरप्ट देतो आणि स्ट्रक्चर सोडतो. आता कुणीतरी बघतं की अवैध सेक्टर आला तर मधल्या एका रिटर्नवर स्ट्रक्चर सुटत नाही. लीक खरी आहे. पण ते ‘आधुनिक पद्धतीने’ म्हणून जी_ऑटोफ्री लावतात. लीक बंद होते, आणि यशाच्या रस्त्यावर फंक्शन संपताच स्ट्रक्चर मोकळं होतं. रीड अजून चालू आहे, कॉलबॅक यायचा आहे आणि त्याच्या हातातला पॉइंटर मेलेला आहे. चाचणीत हे सहसा दिसतही नाही, कारण मोकळ्या केलेल्या जागेत जुना मजकूर बऱ्याचदा तसाच पडलेला असतो. अ‍ॅड्रेससॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली चालवलं तर पकडलं जातं, नाहीतर भार वाढल्यावर भलत्याच ठिकाणी क्रॅश होतो. गेस्टने घडवून आणलेली लीक होस्टला थकवते. गेस्टने घडवून आणलेला यूज-आफ्टर-फ्री (मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर) होस्टमध्ये शिरायचा रस्ता देऊ शकतो. म्हणजे साफसफाईच्या नावाखाली कमी वाईट दोष काढून अधिक वाईट दोष आत आला.

याचं उत्तर जी_स्टील_पॉइंटर: मालकी दुसऱ्याकडे देताना पॉइंटर काढून घ्यायचा आणि मूळ व्हेरिएबलमध्ये नल ठेवायचा. पण तो कुठे लावायचा हे ठरवण्यासाठी आधी मालकी नेमकी कोणत्या ओळीवर बदलते ते माहीत हवं. रिक्वेस्ट सुरू करणारं फंक्शन अयशस्वी झालं तर मालकी गेली की राहिली? काही फंक्शन्स अयशस्वी झाल्यावरही कॉलबॅक बोलावतात, काही बोलावत नाहीत. ज्याने हे वाचून ठरवलं त्याने दुरुस्ती केली. ज्याने फक्त जुने जी_फ्री पुसले त्याने नशिबावर सोडलं.

आणि जी_ऑटोफ्री लावलेलं व्हेरिएबल घोषणेतच कशाने तरी भरा, निदान नलने तरी. पण तेवढ्यानेही भागत नाही: मधल्या एखाद्या गोटोने घोषणेवरून उडी मारली तर ते भरणंही वगळलं जातं आणि स्टॅकवरचा कचरा जी_फ्रीकडे जातो. क्लँग हा कंपायलर अशी उडी कंपाइलच होऊ देत नाही. जीसीसी हा दुसरा कंपायलर नेहमीच्या सेटिंगमध्ये गप्प बसतं. जुन्या फंक्शनचे गोटो तसेच ठेवून एखाद-दुसऱ्या व्हेरिएबलला जी_ऑटोफ्री चिकटवलेला पॅच मी बघताक्षणी परत करते. करायचं तर ते फंक्शन पूर्ण करा.

दुसरं उदाहरण याहून फसवं आहे. क्यूएमूमध्ये डिव्हाइस जुळवताना रिअलाइझ चालतं, काढताना अनरिअलाइझ, आणि शेवटचा संदर्भ सुटल्यावर, म्हणजे ते धरून ठेवणारं कुणी उरलं नाही की, फायनलाइझ. एखाद्या डिव्हाइसने रिअलाइझमध्ये मेमरीरीजन (गेस्टच्या पत्त्यांचा एक तुकडा सांभाळणारं स्ट्रक्चर) डायनॅमिकली घेतलेली असते आणि तिचा जी_फ्री असतो फायनलाइझमध्ये. वाचणाऱ्याला हे विसंगत वाटतं: घेतलं रिअलाइझमध्ये, मग सोडायचं अनरिअलाइझमध्ये. जोड्या जुळायला हव्यात! मग ‘वागण्यात बदल नाही’ असं लिहून ती एक ओळ हलवली जाते.

त्या एका ओळीने काय होतं ते क्रमाने पाहा. गेस्टचा एक व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) त्या डिव्हाइसच्या रजिस्टरवर लिहितो. त्याचा थ्रेड आरसीयूच्या (वाचणारे संपेपर्यंत जुना डेटा टिकवून ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) संरक्षणाखाली पत्ता शोधतो, त्याला मेमरीरीजन सापडते, आणि तिची फंक्शन्स बोलवायला बिग क्यूएमू लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं क्यूएमूचं मुख्य कुलूप) हवा म्हणून तो थांबतो. तेवढ्यात मुख्य थ्रेड तोच लॉक धरून डिव्हाइस काढत असतो. अनरिअलाइझ चालतं, रीजन अ‍ॅड्रेस स्पेसमधून निघते आणि हलवलेल्या ओळीमुळे लगेच मोकळीही होते. लॉक सुटतो, व्हीसीपीयूचा थ्रेड पुढे येतो आणि मोकळ्या केलेल्या मेमरीतून फंक्शनचा पत्ता उचलून तिकडे उडी मारतो. अ‍ॅड्रेस स्पेसमधून काढणं म्हणजे वापर संपणं नव्हे. पत्त्यांच्या जुन्या नकाशाने धरलेला संदर्भ आरसीयूची मुदत संपल्यावरच सुटतो, आणि तो संदर्भ रीजनवर नसून तिच्या मालकावर, म्हणजे डिव्हाइसवर असतो. म्हणून मालकाच्या फायनलाइझपर्यंत थांबायचं. तीच गोष्ट अ‍ॅड्रेस_स्पेस_मॅपने चालू असलेल्या डीएमएची, म्हणजे डिव्हाइसने गेस्टच्या मेमरीशी थेट चालवलेल्या देवाणघेवाणीची. क्यूएमूच्या मेमरी एपीआयच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरीही जोड्या जुळवण्याची हौस सुटत नाही. मला सुबक कोड प्रिय आहे, पण इथली विसंगती हाच त्या कोडचा अर्थ आहे. बदल करायचाच असेल तर तिथे दोन ओळींची टिप्पणी लिहा. ती खरी साफसफाई.

म्हणून ‘वागण्यात बदल नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी मी एकच प्रश्न विचारायला सांगते: या पॅचनंतर कुठलीही एक मेमरी आधीपेक्षा लवकर, उशिरा किंवा वेगळ्या थ्रेडवर मोकळी होते का? होत असेल तर ते वाक्य खोडा. कोड कितीही छान दिसू लागला तरी ती साफसफाई नाही.

मॅलॉकच्या जागी जी_मॅलॉक करण्याचंही तसंच आहे, जरी त्यात आयुष्याचा प्रश्न नाही. आधी मेमरी नसेल तर फंक्शन एरर परत करत होतं. आता पूर्ण प्रोसेस थांबते. चार केबीच्या आसपासच्या मागणीला हे चालतं, कारण तेवढंही मिळत नसेल तर होस्ट आधीच बुडालेला आहे. पण आकार गेस्टने रजिस्टरमध्ये लिहिलेल्या संख्येवरून ठरत असेल, तर गेस्टच्या हाती स्वतःचं व्हीएम पाडण्याचं बटण दिल्यासारखं होतं. तिथे जी_ट्राय_न्यू (मेमरी मिळाली नाही तर नल देणारं) घ्यायचं आणि उत्तर तपासायचं. ‘लिनक्सवर मॅलॉक कधी अयशस्वी होतच नाही’ हा युक्तिवाद पुरे झाला. लहान मागणीला तो बऱ्याच अंशी खरा आहे. अवाढव्य मागणी कर्नल नाकारू शकतो, आणि प्रोसेसच्या आभासी मेमरीवर मर्यादा घातलेली असेल तर ती ओलांडणारी मागणी नक्कीच नाकारतो.

जी_मॅलॉक० (मेमरी शून्यांनी भरून देणारं) काढून जी_मॅलॉक केलं, कारण ‘पुढे सगळं भरतोच आहोत’? आधी तो बफर गेस्टकडे जातो का ते बघा. जात असेल आणि शेवटचे काही बाइट कधीकधी रिकामे राहत असतील, तर होस्टच्या हीपमधला (मॅलॉक जिथून मेमरी देतं त्या साठ्यातला) मजकूर गेस्टच्या हाती पडेल. आरटीएल८१३९ कार्डाच्या नकलेतली सीव्हीई-२०१५-५१६५ हीपमधला मजकूर बाहेर जाण्याचीच होती.

केव्हीएम कर्नलमध्ये आहे, तिथे नावं बदलतात पण गोष्ट तीच. कर्नलमध्ये मेमरी मागताना जीएफपी_कर्नलच्या जागी जीएफपी_कर्नल_अकाउंट लिहिणं एका शब्दाचा फेरफार वाटतो. त्याने ती मेमरी व्हीएम चालवणाऱ्या प्रोसेसच्या सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाचा वापर मोजणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) खात्यावर पडते आणि तिथली मर्यादा लागू होते. ही दुरुस्ती आहे आणि तशीच सांगायला हवी. आपोआप मोकळं करण्याची सोय कर्नलमध्ये ६.५ पासून, म्हणजे २०२३ पासून आली आहे. नव्या कोडमध्ये ती जरूर वापरा. जुना, चालता कोड केवळ नव्या रूपात आणण्यासाठी ढवळायला माझा विरोध आहे.

लीक आणि साफसफाई दोन्ही करायची असतील तर मालिका पाठवा. पहिल्या पॅचमध्ये फक्त सुटलेला जी_फ्री, एक ओळ असली तरी चालेल. सोबत ज्या कमिटने लीक आणली तिचा उल्लेख करणारी ‘फिक्सेस’ची ओळ, गेस्टला लीक घडवता येत असेल तर कशी हे दोन वाक्यांत, आणि स्टेबलच्या मेलिंग लिस्टला प्रत. दुसऱ्या पॅचमध्ये जी_ऑटोफ्री, आणि मालकी कोणत्या ओळीवर जाते त्याचा उल्लेख. इंडेंट आणि नावं बदलायची असतील तर तिसरा, सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करू नका. साफसफाई आधी आली की एका ओळीची दुरुस्ती जुन्या शाखेत लागतच नाही आणि ती लावणाऱ्याला तुमची साफसफाईही सोबत न्यावी लागते. पहिला पॅच लगेच घेतला गेला आणि दुसऱ्यावर चर्चा रेंगाळली तर रेंगाळू द्या. तोवर लीक बंद झालेली असते.